नावेचा कान

पाथरटेकची शाळा उंचावर होती. तिच्या ओसरीवरून तलावाचा सगळा काठ दिसायचा. जया पहिल्यांदा लक्षात आली ती तिथूनच, आणि तीही एवढ्याचसाठी की काठावरच्या सगळ्या बायकांची तोंडं पाण्याकडे होती आणि हिचं एकटीचं रस्त्याकडे. नावा पाण्यात गेलेल्या. बाकीच्या भोईणी भांडी घासत होत्या, टोपल्या धूत होत्या, मधूनच कपाळावर हात धरून आपल्या माणसाची नाव शोधत होत्या. जया मात्र पाण्याला पाठ करून एका दगडावर बसली होती आणि ज्या रस्त्यानं कोणीच येत नव्हतं तो रस्ता पाहत होती. नावेतून कोणी हाळी दिली की तिचे खांदे वर जात. हाळी थट्टेची आहे असं कळलं की हळूच खाली येत.

गावातल्या बायका तिला मानी म्हणायच्या. नवऱ्याची नाव पाहायला लाज वाटते का, असंही कोणी तोंडावर विचारायचं. तिला पाण्याकडे पाहवत नव्हतं, एवढीच गोष्ट होती, आणि त्याचं कारण तिला कोणालाही सांगता येत नव्हतं.

पाथरटेकचा तलाव घाटंजीच्या पुढे, दोन टेकड्यांच्या मधे. छप्पन साली बांध पुरा झाला आणि पुढच्या पावसाळ्यात तो काठोकाठ भरला. खाली नाल्याच्या दोन्ही अंगांना दाट बाभुळबन होतं. ते तोडायचं म्हणता म्हणता राहून गेलं आणि उभंच्या उभं बुडालं. त्या बुडालेल्या झाडांमधे मासा चांगला पोसायचा, पण जाळंही तिथंच अडकायचं. अडकलं की कोणीतरी खाली जाऊन ते सोडवावं लागे.

खाली जाणाऱ्याच्या कमरेला दोर असे. पण बाभळीच्या फांद्यांमधे दोर गुंतला की खालून दिलेला हिसका वर पोचत नाही. म्हणून नदीच्या डोहांतली आपली जुनी रीत भोयांनी इथंही आणली होती. बुडी मारणारा दोन गोटे सोबत नेई. अडचण आली की ते एकमेकांवर आपटायचे. पाण्यात तो आवाज लांबवर जातो. नावेत एक जण बांबूची पोंगळी पाण्यात धरून तिच्या वरच्या टोकाला कान लावून बसे. त्याला नावेचा कान म्हणत. जाळं टाकण्याआधी खाली कोणत्या माशाची झुंड आहे हेही तोच ऐकून सांगे. कटला असला तर वाळू चाळल्यासारखा आवाज येतो, मरळ असली तर घोट घेतल्यासारखा. नावेच्या कानानं एकदा सांगितलं की त्याला दुसऱ्यांदा कोणी विचारत नसे. तसं विचारणं म्हणजे त्याचा अपमान.

आणि कान कोणी व्हायचं हेही ठरलेलं होतं. बुडी मारणाऱ्याचा साळाच त्याचा कान. बापाचं लक्ष चुकेल, भावाच्या मनात वाटणीचं काही येईल, पण बायकोचा भाऊ आपल्या बहिणीला विधवा होऊ देणार नाही, अशी त्यामागची समजूत. लग्नात अक्षता पडल्यावर नवरदेव आपला दोर साळ्याच्या हातात द्यायचा आणि साळा तो आपल्या मनगटाला गुंडाळून घ्यायचा. जयाच्या लग्नात मारोतीनं असाच आपला दोर उकंडाच्या हातात दिला होता.

उकंडा जयाचा थोरला भाऊ. त्याच्या आधीची लेकरं जगली नाहीत, म्हणून तो झाल्याबरोबर आईनं त्याला उकिरड्यावर, म्हणजे तिकडच्या बोलीत उकंड्यावर, ठेवलं, परत उचलून आणलं आणि तेच नाव दिलं. आईबाप हैजाच्या साथीत गेले तेव्हा जया रांगत होती. उकंडानं तिला खांद्यावर घेऊन मासे विकले, तिची वेणी घातली, तिला ताप आला तर रात्रभर मांडीवर घेऊन बसला. तरुणपणी नदीच्या डोहांत तो स्वतः नावाजलेला बुडी मारणारा होता. पुढे कान वाहायला लागले तशी त्यानं बुडी सोडली आणि मारोतीसाठी पोंगळी धरली.

जयाला संशय आला तो एका दुपारी. उकंडा तिच्या दारात जाळं सांधत बसला होता. तिनं मागून विचारलं, "दादा, तंबाखू देऊ का?" तंबाखू म्हटल्यावर झोपेतून उठणारा माणूस, पण त्यानं मान वळवली नाही. तिनं पुन्हा विचारलं. तरीही तो वळला नाही. ती आत गेली, पाण्यानं भरलेली बादली आणून त्याच्या पाठीमागे ठेवली आणि दोन गोटे त्यात बुडवून एकमेकांवर आपटले. एकदा, मग जोरात. उकंडाची सुई जाळ्यातून शांतपणे जात होती. तो गुणगुणत होता.

जयानं वर पाहिलं तर समोर उकंडाची बायको रुखमाबाई उभी होती. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि जयाला कळलं की वहिनीला हे आधीपासून माहीत आहे.

रुखमाबाईनं तिला घरामागे नेलं. ती रडली नाही, पण जयाचा हात तिनं घट्ट धरून ठेवला. डाव्या कानानं थोडं येतं म्हणाली. पोंगळी गालफडाच्या हाडाला टेकवली की गोट्यांचा हादरा कळतो म्हणाली. बुडबुड्यांवर नजर ठेवतो, दोर बोटात धरतो, आजवर एकदाही चुकला नाही.

"आणि चुकला म्हणजे?" जयानं विचारलं.

"तसं बोलू नोको बाई. नावेतून उतरवलं त हा मानूस घरात बसून मरून जाईन. तुले त्यानं खांद्यावर वागवलं. तू त एवढं पोटात ठेव."

जयानं ते पोटात ठेवलं. तिथपासून तिचं तोंड रस्त्याकडे झालं.

मारोतीला सांगावं असं तिच्या कितीदा मनात आलं. पण मारोती हसऱ्या आणि मोकळ्या स्वभावाचा. त्याच्या पोटात गोष्ट राहत नसे. तो चारचौघांत विचारणार, दादा, तुम्हाले ऐकू येते का नाही, आणि उकंडाची मान खाली जाणार. ती आडून आडून बोलायची. बुडी सोडा, सडकेच्या कामावर जा, गिट्टी फोडा. मारोती म्हणायचा, "काहून वं, मासा खाऊन कंटाळली का?" आणि जेवून निघून जायचा. त्याचा दोर खुंटीवरून निघाला की तिला घास उतरत नसे. तो परत खुंटीला लागेपर्यंत ती कोणाशी धड बोलत नसे. असा एक पावसाळा गेला, एक हिवाळा गेला. काही झालं नाही. काही होत नाही म्हणून भीती कमी होईल असं वाटलं होतं. ती उलटी वाढत गेली.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात यवतमाळहून एक जीप आली. पुंडलिकराव नावाचे मत्स्य खात्याचे साहेब होते आणि सोबत यंत्र चालवणारा भीमराज. तलावात किती मासा आहे आणि कोणता आहे याची पाहणी करायची, त्यावरून पुढच्या वर्षी किती बीज सोडायचं ते ठरणार. भीमराज दिग्रसकडचाच होता. घरच्यांनी सात वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतलेला, हा नागपूरला शिकून यंत्राच्या कामाला लागलेला. माणूस शांत होता आणि विचारलं तर समजावून सांगायचा. यंत्राची एक गोल डबी नावेच्या कडेनं पाण्यात सोडायची. ती खाली आवाज सोडते. आवाज तळाला लागून परत येतो, मधे मासे असले तर त्यांना लागून लवकर परत येतो. पेटीतली सुई ते सगळं सरकत्या कागदावर काळं करत जाते. विहिरीत हाक मारली की ती परत येते ना, तसंच, असं त्यानं काठावरच्या लोकांना सांगितलं.

"मंग हे बी कानच झालं," कोणी म्हणालं.

"याचा साळा कोन?" दुसऱ्यानं विचारलं आणि काठ हसला.

भीमराजही हसला. मग म्हणाला की याला एक गोष्ट येत नाही. खाली झुंड आहे एवढं सांगतं, पण ती कोणाची ते सांगत नाही. त्यासाठी कागदावर डाग आला की तिथंच जाळं टाकून बघावं लागतं. पुंडलिकरावांनी तेवढ्यात विचारलं की इथं ऐकून मासा ओळखणारे कोणी आहेत असं ऐकलं, ते कोण? सगळ्यांनी उकंडाकडे बोट दाखवलं.

जयानं तेव्हा भावाच्या तोंडाकडे पाहिलं. तो साहेबांच्या ओठांकडे पाहत होता. बोटं दाखवलेली पाहून त्यानं मान डोलावली आणि पोंगळी उचलली. 

उन्हाळ्यानं पाणी आत सरकलं होतं. नावा काठापासून फार लांब नव्हत्या, बोललेलं ऐकू येत होतं. एका नावेत यंत्र, भीमराज आणि साहेब. दुसरीत मारोती, उकंडा आणि वल्ही मारणारा धावजी. यंत्राच्या नावेनं फेऱ्या घातल्या. गावची गुरं बसायची त्या जुन्या गोठाणाच्या जागेवर कागदावर मोठा काळा ढग उमटला. नाव वळवून पुन्हा नेली, पुन्हा उमटला. भीमराज साहेबांना म्हणाला की मला हा मासा वाटत नाही. मासा असता तर इकडेतिकडे सरकला असता. हा ढग प्रत्येक फेरीला तिथंच आहे. झाड असेल.

लोकांना ते पटलं नाही. गोठाणावर झाड नव्हतंच कधी. त्या मोकळ्या जागेत उकंडानंच लहानपणी गुरं राखली होती. मागच्या पुरात वरून एखादं झाड मुळासकट वाहत येऊन तिथं बसलं असेल, हे कोणाच्या मनात आलं नाही. पुंडलिकरावांनी उकंडाला खूण केली.

उकंडानं पोंगळी पाण्यात सोडली आणि कान लावला. इतकी वर्षं जयानं त्याला ऐकताना पाहिलं होतं. तो ऐकायचा तेव्हा डोळे मिटायचा. आज त्याचे डोळे उघडे होते. ते भीमराजवरून साहेबांवर, साहेबांवरून धावजीवर फिरत होते, कोणाच्या तोंडावर काही सापडतं का म्हणून. सगळे थांबले होते.

"कटला," उकंडा म्हणाला. "मोठी झुंड हाय."

भीमराज काही बोलणार होता. पण लोकांनी आनंदानं ओरडायला सुरुवात केली. नावेच्या कानानं सांगितलं होतं. आता दुसऱ्यांदा विचारायचं नव्हतं. कागदाचं ऐकून जाळं न टाकणं पाथरटेकला जमण्यासारखं नव्हतं.

जाळं टाकलं. ओढलं. ते आलं नाही. यंत्राच्या नावेतून अजून दोघांनी हात लावला तरी आलं नाही. मारोतीनं सदरा काढला आणि कमरेला दोर बांधू लागला.

जया दगडावरून उठली. आता सांगायला हवं हे तिला कळत होतं. तोंड उघडलंही. पण तिकडे उकंडा दोराचं दुसरं टोक मनगटाला गुंडाळत होता, अगदी लग्नात गुंडाळलं होतं तसं, काळजीनं, वेढे एकावर एक येणार नाहीत असं. तिनं तोंड मिटलं. मारोतीनं दोन गोटे उचलले, काठाकडे पाहून हसला आणि पाण्यात गेला.

पाणी मिटलं. बुडबुडे आले. उकंडानं पोंगळी लावली आणि बुडबुड्यांवर नजर ठेवली. काठावर कोणीतरी पुन्हा बोलायला लागलं, म्हातारे विडी शिलगावत होते. रोजचंच काम होतं. जया चालत पाण्यात शिरली. गुडघाभर, मग कमरेएवढं. रुखमाबाईनं मागून तिला हाक मारली, ती थांबली नाही. लहानपणी नाल्याच्या डोहात पोरी डोकं बुडवून एकमेकींचे गोटे ऐकत असत. तिनं श्वास घेतला आणि डोकं पाण्याखाली घातलं.

खाली शांत होतं. मग तिला ऐकू आलं. टक. टक. टक. मधे खंड नव्हता. मारोती वर ओढायला सांगत होता आणि कितीतरी वेळ सांगत होता.

तिनं डोकं वर काढलं. उकंडा तसाच बसला होता, गालाला पोंगळी, बोटात दोर. बुडबुडे थांबले होते आणि तो त्यांची वाट पाहत होता.

"दादा, ओढ," ती ओरडली. "ओढ त्यायले."

उकंडानं वळून पाहिलं नाही. ती पुन्हा ओरडली. काठावरच्या सगळ्यांनी ऐकलं, टेकडीवरून आवाज परत आला, शाळेतली पोरं ओसरीवर धावली. ज्याच्यासाठी होती त्याला ती हाक पोचली नाही. तेव्हा जयानं ते शब्द उच्चारले जे तिनं वर्षभर गिळले होते.

"त्याले ऐकू येत नाही. माह्या भावाले ऐकू येत नाही."

भीमराज सगळ्यांत आधी हलला. त्यानं यंत्राच्या नावेतून हात लांब करून उकंडाचा खांदा धरला आणि काठाकडे बोट केलं. उकंडानं पाहिलं. बहीण कमरेएवढ्या पाण्यात उभी होती आणि दोन्ही मुठी एकमेकींवर आपटत होती. त्याला ऐकायची गरज पडली नाही. त्यानं दोर ओढला. दोर झाडात अडकला होता, हातभरही आला नाही.

उकंडानं मनगटाचा दोर सोडून धावजीच्या हातात दिला, कमरेचा विळा दातात धरला आणि पाण्यात गेला. कान फुटलेल्या माणसानं पुन्हा बुडी मारू नये, हे तिथं सगळ्यांना माहीत होतं.

त्यानंतर किती वेळ गेला ते कोणी सांगू शकत नाही. जयानं पुन्हा डोकं बुडवलं होतं. टकटक विरळ झाली. एक आली, मग बऱ्याच वेळानं एक. मग आली नाही. ती नुसतं पाणी ऐकत राहिली. काही न ऐकू येणं म्हणजे काय असतं, भाऊ रोज कशात बसत होता, हे तिला तिथं कळलं असं ती पुढे म्हणायची.

मग धावजीच्या हातातला दोर एकदम सैल झाला आणि दोघं एकदमच वर आले. मारोतीची बोटं उघडी होती, गोटे सुटलेले, तोंड निळं. भीमराजनं आणि साहेबांनी त्याला नावेत घेतलं, पालथं घातलं, पाठ दाबली. तो ओकला आणि खोकला. उकंडा नावेची कड धरून पाण्यातच राहिला. त्याच्या दोन्ही कानांतून रक्त येत होतं. लोक त्याला काहीबाही विचारत होते आणि तो सगळ्यांना एकच उत्तर देत होता, की झाड आहे खाली, झाड आहे.

पुंडलिकरावांनी जीपमधून दोघांना घाटंजीच्या दवाखान्यात नेलं. मारोती दोन दिवसांनी चालत आला. उकंडाला थोडंफार येत होतं तेही त्या दिवसापासून गेलं.

पाहणी पुढे आठवडाभर चालली. भीमराजनं तो ढग खोडून बाजूला 'झाड' असं लिहिलं. खऱ्या झुंडी बांधाच्या बाजूला निघाल्या आणि त्यांत कटला होता.

उकंडा बहिणीशी बोलत नव्हता. तिला वाटलं, सगळ्यांसमोर सांगितलं म्हणून. एका संध्याकाळी तोच तिच्या दारात येऊन बसला. त्याला आता आपला आवाज कळत नसल्यामुळे तो मोठ्यानं बोलायचा, सगळ्या आळीनं ऐकलं.

"माह्या तोंडानं निंघाले पाह्यजे होतं ते," तो म्हणाला. "जवाई खाली उतरून राह्यला आन मी तोंड मिटून बसलो. तू आधी काहून नाही बोलली वं?"

जयानं उत्तर दिलं, पण ते त्याला ऐकू जाणार नव्हतं. तिनं त्याच्या हातावर तंबाखू ठेवली.

प्रश्न राहिला तो मारोतीचा. जयाला दुसरा भाऊ नव्हता. साळा नाही तर कान नाही आणि कान नाही तर बुडी नाही. आळीतले म्हातारे जमले आणि मारोतीनं आता सडकेच्या कामावर जावं असं म्हणाले. जयाला इतके दिवस हेच हवं होतं. पण मारोती मान खाली घालून बसलेला पाहून ती उंबऱ्यातून बाहेर आली आणि म्हणाली, "साळा कायले पाह्यजे? बहिनीचं कुकू राखाले ना. कुकू माह्यं हाय. कान मी होईन."

म्हातारे तिला नाही म्हणाले. बाई नावेत बसली तर मासा जातो, हे तर होतंच. पण भीती राखायची बायकोनं आणि ऐकायचं भावानं, असंच आजवर चालत आलं होतं. दोन घरांनी त्यांच्यासोबत जाळं टाकणं सोडलं. रुखमाबाईनं मात्र उकंडाची पोंगळी धुऊन आणली आणि सगळ्यांसमोर जयाच्या हातात दिली.

जया नावेत बसू लागली. शाळेच्या ओसरीवरून दिसायचं, ती डोळे मिटून, पोंगळीला कान लावून, दोर धरून बसलेली असायची. भीती गेली नव्हती. मारोती पाण्यात गेला की तिचे ओठ पांढरे पडत, तो वर आला की ती आधी त्याच्या तोंडाकडे पाही आणि मगच श्वास सोडी. कोणता मासा आहे हे तिला कधीच नीट ओळखता आलं नाही. लोक त्यावरून तिची चेष्टा करायचे आणि ती म्हणायची की मी मासा ऐकायला बसत नाही. सदुसष्ट साली मारोतीनं आपणहून बुडी सोडली, तोवर ती त्याचा कान होती.

उकंडा आणि रुखमाबाई आता नाहीत. जया दिग्रसला मुलाकडे राहते, मारोतीही तिथंच असतो. सकाळी दोघं बसस्टँडपर्यंत चालत जातात, तिथल्या टपरीवर एक कप चहा दोघांत घेतात आणि ऊन चढायच्या आत घरी येतात.